अडतीस हजार चारशेची शिल्लक

"अभिनंदनाचाच फोन असणार," असे म्हणत बाईंनी मोठ्या हौसेने फोन उचलला, आणि पुढची चार मिनिटे त्या नुसत्या "हो साहेब" म्हणत राहिल्या. पहिले "हो साहेब" उभ्याने झाले, तिसरे टेबलाला टेकून आणि सहावे खुर्चीत बसून.

समोर हिशेबनीस काका वहीत डोके घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण सहाव्या "हो साहेब"ला पेनाला टोपण लावले. चांगली बातमी ऐकताना माणूस इतक्या वेळा हो म्हणत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

फोन ठेवून बाई म्हणाल्या, "काका, वर्षभरात ऑफिसच्या खर्चातले आपले अडतीस हजार चारशे वाचले ना?"

"वाचले. अहवालात तुम्हीच लाल शाईनं दोनदा अधोरेखित करून पाठवलेत."

"अनुदानाचे साहेब विचारतायत, कुणाला विचारून वाचवले?"

बाईंची संस्था दोन खोल्यांची. काम सांगायला सोपे होते. ज्या घरात महिन्याची दोन टोके जेमतेम जुळतात, अशा चौदा घरांना बचतीची सवय लावायची. घराने महिन्याला हजारापर्यंत जितके बाजूला टाकले, तितकेच सरकारने त्यात घालायचे. एकाला एक. सरकारच्या या वाट्याला सगळे 'जोड' म्हणत. दोन वर्षे असे केले की त्या पैशांतून धंद्याचे एखादे यंत्र घ्यावे, मुलांची फी भरावी किंवा गळके छप्पर दुरुस्त करावे. चौदा घरांचे एक वर्ष पूर्ण झाले होते आणि एकाही घराचा एकही महिना चुकला नव्हता.

या जोडीशिवाय संस्था चालवण्यासाठी सरकार वेगळी रक्कम देई. तिचे नाव कार्यालयीन खर्च. आणि इथेच बाईंचा हात आखडता. आलेली पाकिटे त्या उलटी करून पुन्हा चिकटवत. पेन्सिल बोटांत मावेनाशी झाली की जुन्या पेनाच्या नळीत खोचत. खोलीत दोन माणसे असल्याशिवाय पंखा लावायचा नाही, असा नियम होता; त्यामुळे उन्हाळ्यात काका एकटे बसण्याऐवजी पोस्टमनला बोलण्यात गुंतवून ठेवत. शिकवणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावे, असे बाईंचे मत होते, आणि ते काही चुकीचे नव्हते.

"पण वाचवले यात वाईट काय?" काकांनी विचारले.

"कलम चौदा." बाई म्हणाल्या. "वर्षअखेर जेवढी रक्कम खर्च झाली नाही, तेवढी परत तर जातेच, वर तिच्या तिप्पट रक्कम पुढच्या वर्षी कापतात. आणि ती कुठूनही कापतात. जोडीतूनसुद्धा."

काकांनी टोपण काढले आणि आकडेमोड केली. "एक लाख पंधरा हजार दोनशे. एका घरामागे वर्षाला जोड धरलीय बारा हजार. म्हणजे चौदांपैकी नऊ घरं पूर्ण गेली आणि दहावं अर्ध्याहून जास्त."

"अर्धं घर म्हणजे?"

"नवऱ्याची जोड जाईल, बायकोची राहील, असं समजा."

"काका, थट्टा सुचते तुम्हाला?"

"थट्टा नाही हो, भागाकार आहे."

"मी विचारलं त्यांना, हे पैसे जोडीतच घालू का? तर म्हणे, खर्चाच्या एका शीर्षातले पैसे दुसऱ्या शीर्षात नेता येत नाहीत. त्याला वरिष्ठांची परवानगी लागते." बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "आज बुधवार. शुक्रवारी पाच वाजता वर्ष संपतं. तोवर खर्च करा म्हणाले."

"मग करू की. पैसे खर्च करायला काय लागतं?"

पैसे वाचवणे अवघड आणि खर्च करणे सोपे, असे आपण सगळेच धरून चालतो. पुढच्या तीन दिवसांत काकांचा हा समज पार धुऊन निघाला.

अडचण बाईंनीच करून ठेवली होती. पाच हजारांवरची कोणतीही खरेदी करताना घरांनी निवडलेल्या खरेदी समितीने दुकानात बरोबर यायचे, भाव विचारायचा आणि बिलामागे सही करायची, असा नियम त्यांनी पहिल्याच महिन्यात घालून दिला होता. दुसऱ्याचे पैसे नीट खर्च होताना पाहिले की स्वतःचे कसे खर्च करावेत ते कळते, हा त्यामागचा विचार. समितीत तिघी निवडून आल्या होत्या. एकीला कारखान्यात दिवसपाळी लागली. उरल्या दोघी. एक इस्त्रीवाली मावशी आणि दुसरी भाजीवाली आजी.

"समितीला खरं सांगून टाकू," काका म्हणाले.

"काय सांगू? वर्षभर फळ्यावर लिहिलं, 'आज वाचवाल तर उद्या वाचाल'. आता त्याच बायकांना सांगू, की मी वाचवलं म्हणून तुम्ही बुडताय?" बाईंनी मान हलवली. "नाही. समितीला नेऊ, पण कारण सांगायचं नाही. कपाट हवंच आहे आपल्याला."

कपाटवाल्याने लोखंडी कपाटाचे अठरा हजार सांगितले. बाईंना तो आकडा इतका आवडला, की त्यांनी पिशवीतून चेकबुक काढायला सुरुवात केली. एवढ्यात आजी कपाटाभोवती फिरू लागल्या. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत त्यांनी कपाटाच्या पाठीवर बोटांनी टकटक केली, दार उघडले आणि कान लावला.

"करकरतंय."

"आजी, नवं कोरं आहे ते!" दुकानदार म्हणाला.

"नवं असून करकरतंय, मग जुनं झाल्यावर काय रडेल का?"

"चला, सतरा द्या."

"अहो, अठराच ठीक आहे," बाई हळूच म्हणाल्या. कुणी लक्ष दिले नाही.

"बाबा, या कपाटात काय राहणार आहे माहितीये? आमची पासबुकं," मावशी म्हणाल्या. "त्या सगळ्या पासबुकांत मिळून जेवढे आहेत, त्याहून कपाटच महाग झालं तर चोर पासबुकं टाकून कपाट नेईल."

पंधरा झाले. तेरा झाले. मध्ये आजी एकदा दुकानाबाहेर जाऊन रस्ता ओलांडून आल्या. समोर दुसरे दुकान नव्हते, पण त्या इतक्या ठामपणे गेल्या, की दुकानदाराला तिथे दुकान असल्याचा भास झाला. आकडा साडेअकरावर आला तेव्हा बाईंनी त्याला रद्दीच्या गठ्ठ्याआड गाठले.

"अहो, तुम्ही जरा ठाम राहा ना!"

"आं?"

"निदान चौदा तरी म्हणा. मी नाही म्हणणार नाही."

दुकानदाराने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आलाय?"

"थोडं वर चढा हो."

"त्या आजींसमोर? मला बायकामुलं आहेत."

साडेअकरावर सौदा ठरला. जुने मोडके कपाट भंगारात घेऊन त्याचे दीड हजार त्यातून वळते करायला मावशींनी लावले, ते वेगळेच. दुकानातून बाहेर पडताना दोघींचे चेहरे असे फुलले होते, की बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

"बाई, कशी वाटली समिती?" आजींनी विचारले.

"छान," बाई म्हणाल्या. "फार छान."

संध्याकाळी काकांनी वहीत लिहिले. खर्च दहा हजार, शिल्लक अठ्ठावीस हजार चारशे. "वेग कमी आहे, पण दिशा बरोबर आहे," ते म्हणाले. नंतरचे दोन दिवस त्यांना हे वाक्य मागे घ्यावेसे वाटत होते.

गुरुवारी बाईंनी विचार करून छापखाना निवडला. बचतीचे धडे पुस्तिका करून छापायचे होतेच. छपाईचा दर पानावर ठरतो. तिथे घासाघीस काय करणार? छापखानेवाल्याने बारा हजार सांगितले आणि वर म्हणाला, "आमच्याकडे भाव होत नाही." बाईंना तो माणूस देवासारखा वाटला.

आजींनी तोंड उघडण्याआधीच बाईंनी त्यांना यंत्र बघायला आत पाठवले. मावशी मात्र तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी भावाचा एक शब्द काढला नाही. छापखानेवाल्याने सहज विचारले, "कसली पुस्तिका?" तेव्हा त्या सांगू लागल्या, एवढेच.

"आम्ही थोडे थोडे बाजूला टाकतो, त्याची. माझी कोळशाची इस्त्री आहे. सात किलोची. बावीस वर्षं झाली. आता उजवा खांदा वर जात नाही. केस विंचरायला सुनेला बोलवावं लागतं. वाफेचं मशीन घेतलं तर खांद्याला काम नाही, नुसतं दाबायचं. चोवीस हजारांचं आहे. एकटीनं कधी जमलं नसतं. आता माझे सहा आणि जोडीचे सहा झालेत. अजून एक वर्ष. दुकानदाराला सांगून ठेवलंय, तो म्हणतो, मावशी, तुमच्यासाठी एक मशीन बाजूला ठेवतो."

छापखानेवाल्याने चष्मा काढला.

"या कामाचे पैसे मी घेणार नाही," तो म्हणाला.

"असं नका करू हो!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"नाही म्हणजे नाही."

"निदान कागदाचे घ्या!"

"एक पैसा नको."

"शाईचे? शाई महाग झालीय म्हणतात."

"बाई," तो चष्मा पुसत म्हणाला, "तुमचा स्वाभिमान कळतो मला. पण एवढं पुण्य मला करू द्या." आणि त्याने बारा हजारांच्या बिलावर आडवे लिहिले, 'देणगी'.

परत आल्यावर काकांनी ते बिल दोन्ही बाजूंनी पाहिले, नियमांचे पुस्तक काढले आणि शांतपणे वाचून दाखवले. देणगीत मिळालेल्या वस्तूचे किंवा सेवेचे मूल्य त्याच शीर्षात जमा धरावे. मग त्यांनी वहीत आकडा मांडला आणि वही बाईंच्या समोर सरकवली.

"चाळीस हजार चारशे?"

"दोन दिवस जिवाचा आटापिटा करून खर्च केला आणि आपण दोन हजारांनी श्रीमंत झालो. कापले जाणार त्याच्या तिप्पट. आता ते अर्ध्या घराचं लचांड राहिलं नाही, बाई. दहा घरं पूर्ण झाली."

शुक्रवारी सकाळी आजी आणि मावशी ऑफिसात आल्या तेव्हा पंखा चालू होता आणि खोलीत बाई एकट्याच होत्या. हे पाहताच दोघी उंबऱ्यात थबकल्या.

"बाई, कुणी गेलं का?" आजींनी घाबरून विचारले.

मग बाईंना राहवले नाही. त्यांनी सगळे सांगितले. शिल्लक, कलम चौदा, तिप्पट, दहा घरे. कपाटवाल्याला भाव चढवायला सांगितले, तेही सांगितले. बोलून झाल्यावर त्यांनी मावशींच्या खांद्याकडे पाहिले आणि पटकन नजर खाली वळवली.

मावशी हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या दहांत मी आहे?"

"अजून ठरलं नाही. कदाचित असाल."

"आणि परवा ते साडेसहा हजार कमी केले, ते मी माझ्याच मशीनमधनं काढले?"

आजी मात्र रागावल्या होत्या, आणि त्यांचा राग भलत्याच गोष्टीवर होता. "वर्षभर आम्हाला काय सांगितलंत? घरात अडचण आली तर लपवू नका, वर्गात बोला. लाजायचं कारण नाही, चौघांत बोललं की वाट निघते. आम्ही बोललो. माझ्या जावयाचं सुद्धा बोलले मी. आणि तुमच्यावर आली तेव्हा तुम्ही गठ्ठ्याआड जाऊन दुकानदाराशी बोललात!"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"चुकलंच. उठा आता. काय विकत घ्यायचं ते सांगा. आज मी तोंड उघडायची नाही."

वर्गातल्या बायका वर्षभर जमिनीवर बसत होत्या, म्हणून खुर्च्या घ्यायचे ठरले. वाटेत आजींनी तोंडावर हात ठेवला तो दुकानात पोचेपर्यंत काढला नाही. खुर्चीवाला म्हणाला, "एका खुर्चीचे नऊशे." बाई "हो" म्हणणार, तोच त्याची नजर आजींकडे गेली. हात तोंडावर होता, पण भुवई मोकळी होती. ती भुवई सावकाश वर गेली आणि तिथेच थांबली.

"बरं, आठशे," खुर्चीवाला म्हणाला.

"अहो, नऊशेच घ्या!" मावशी कळवळून म्हणाल्या.

हे ऐकून तो जास्तच बिचकला. गिऱ्हाईकच भाव चढवते आहे, म्हणजे यात काहीतरी डाव असणार, असे त्याला वाटले. तेवढ्यात आजींची दुसरी भुवईही पहिलीच्या सोबतीला गेली.

"सातशे. पण त्या आजींना सांगा, असं बघू नका."

"आजी, डोळे मिटा!" बाई म्हणाल्या.

आजींनी इमानदारीने डोळे मिटले. पण मिटताना त्यांच्या तोंडून एक लांब सुस्कारा गेला, आणि त्या सुस्काऱ्याचे शंभर कमी झाले. शेवटी सहाशेप्रमाणे वीस खुर्च्या, बारा हजार. दुकानात तेवढ्याच होत्या.

"माझा दोष नाही गं," बाहेर आल्यावर आजी रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "चाळीस वर्षांची सवय. हे तोंड बंद केलं तर दुसरीकडून बाहेर येते."

ऑफिसात काकांनी आकडा मांडला. अठ्ठावीस हजार चारशे. "बुधवारी संध्याकाळी होतो, तिथंच परत आलो," ते म्हणाले. घड्याळात चार वाजायला आले होते. इतक्या कमी वेळात घेता येईल असे आता काही सुचत नव्हते. मावशी नव्या खुर्चीवर बसल्या होत्या, पण कडेला, जणू ती परत करायची आहे.

आणि त्याच वेळी दारात अनुदानाचे साहेब उभे राहिले.

बाईंनी त्यांना फोनवरच ऐकले होते. आवाजावरून त्यांना वाटले होते, माणूस उंच असणार. प्रत्यक्षात एक लहानखुरा, घामेजलेला गृहस्थ दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या अडकवून उभा होता, आणि त्याच्या चपलांवर चार वस्त्यांची धूळ होती. त्यांनी आधी पाणी मागितले. दोन ग्लास प्याले. मग प्लॅस्टिक न काढलेल्या एका खुर्चीवर बसून घड्याळ पाहिले.

"तपासणी का, साहेब?" बाईंनी विचारले.

"छे हो. विनंती आहे. पलीकडच्या वस्तीतली संस्था बंद पडली. त्यांची वीस घरांची जोड माझ्याकडे परत आली. सकाळपासून हिंडतोय. दहा घरं इतर संस्थांच्या गळ्यात मारली... म्हणजे, दिली. दहा उरलीत." त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिले. "पाचच्या आत कुणाच्या तरी सहीशिक्क्यानं कागदावर चढली नाहीत, तर माझ्या विभागाची शिल्लक दिसेल. आणि पुढच्या वर्षी तिप्पट कापतील."

"तुम्हालाही कलम चौदा आहे?" काकांनी विचारले.

"आम्हाला एकवीस. पण मजकूर तोच."

बाईंना त्यांची दया आली. त्यांनी तोंड उघडले, पण मावशींनी त्यांचा हात घट्ट दाबला आणि कानाशी पुटपुटल्या, "तुम्ही मध्ये पडू नका, बाई. तुम्ही कायम समोरच्याच्या बाजूनं बोलता."

आजींनी खुर्ची पुढे ओढली. गेल्या पाच मिनिटांत साहेबांनी चार वेळा घड्याळ पाहिले होते, हे त्यांनी मोजले होते. दिवस कलताना टोपलीत माल उरलेला माणूस कसा दिसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. रोज संध्याकाळी त्या स्वतः तशाच दिसत.

"दहा म्हणजे फार होतात, साहेब," आजी म्हणाल्या. "चार करा."

"चार? आजी, आठ तरी घ्या."

"ऑफिस केवढं, माणसं दोन. काकांचे डोळे बघा. पाच."

"माझे डोळे ठीक आहेत," काका म्हणाले.

"ठीक आहेत म्हणतायत, कारण त्यांना दिसत नाही. पाच, साहेब."

"सात. सातला तरी हो म्हणा."

"सहा. आणि सहा घेतो, पण आम्ही तुमचं ओझं उचललं तर तुम्ही आमचं उचलायचं. हे अठ्ठावीस हजार चारशे या शीर्षातनं त्या शीर्षात टाका. आमच्या जोडीत."

"त्याला वरिष्ठांची परवानगी लागते."

"वरिष्ठ म्हणजे कोण?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "मीच."

काकांनी वहीतून मान वर केली.

"मग बुधवारी का नाही हो सांगितलंत?" बाई कशाबशा म्हणाल्या.

"वरिष्ठ कोण, ते कुणी विचारलंच नाही. आणि खरं सांगू? तसा अर्ज आजवर कुणी केलाच नाही. पैसे उरले की लोक पडदे घेतात."

अर्ज तिथल्या तिथे लिहिला गेला. साहेबांनी मंजुरीची सही केली. अठ्ठावीस हजार चारशे जोडीत गेले, वही शून्यावर आली आणि चौदाही घरांची पुढच्या वर्षाची रक्कम जागच्या जागी राहिली. सहा नव्या घरांच्या कागदावर बाईंनी सही केली, काकांनी शिक्का उमटवून त्याखाली वेळ घातली. चार वाजून एकतीस मिनिटे. साहेबांनी पिशव्या खांद्याला लावल्या आणि दमल्या पावलांनी जिना उतरून गेले.

मावशी आता खुर्चीत पार मागे टेकून बसल्या. त्यांनी डोळे पुसले, मग हसल्या, मग परत पुसले. "आजी, काय भाव पाडलात! दहाचे सहा!"

"आठावरच अडून बसला होता," आजी खुशीत म्हणाल्या. "पण मी सोडते का?"

"चला, त्या सहा घरांना निरोप देऊ," बाई म्हणाल्या. "काका, वाट बघणाऱ्यांची यादी काढा."

काकांनी यादी काढली आणि बोट ठेवून मोजली. मग पुन्हा मोजली.

"अकरा घरं आहेत."

"सहांना मिळाली," मावशी म्हणाल्या. "मग बाकीच्यांना..."

त्यांचे वाक्य तिथेच थांबले. चौघेही एकमेकांकडे पाहू लागले. काकांनी घसा साफ केला.

"आजी, एक विचारू? साहेब दहा घरांची जोड फुकट देत होते. आपण भाव नक्की कशाचा पाडला?"

आजींचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल, मग पांढरा. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "चार घरं घालवली मी." यादीत खालून तिसरे नाव त्यांच्याच शेजारणीचे होते, हे त्यांना आत्ता आठवले.

पुढच्याच क्षणी अडुसष्ट वर्षांच्या आजी जिना उतरत होत्या आणि त्यांच्यामागे मावशी. बाईंनी कोरे फॉर्म उचलले, काकांनी शिक्का आणि शाईचे पॅड, आणि पंखा तसाच चालू ठेवून ऑफिस रस्त्यावर आले. कोपऱ्यावरच्या थांब्यावर साहेब बसची वाट पाहत होते. बस येताना दिसतही होती.

"साहेब!" आजी लांबूनच ओरडल्या. "साहेब, दहा!"

साहेबांनी वळून पाहिले आणि दोन्ही हातांनी पिशव्या छातीशी धरल्या. "आता काय? शीर्ष बदललं ना मी!"

"काही नको आम्हाला," आजी धापा टाकत म्हणाल्या. "भाव नाही, काही नाही. तुम्ही म्हणाल तेवढी. उरलेली चारही द्या. काकांचे डोळे चांगले आहेत."

साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. सकाळपासून ते दारोदार फिरत होते आणि त्यांच्यामागे धावत आलेली ही पहिलीच माणसे होती. त्यांनी घड्याळ पाहिले. पाच वाजायला वीस मिनिटे. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. मावशी पुढे वाकल्या आणि पाठीची डावी बाजू त्यांनी टेबलासारखी पुढे केली. बाईंनी त्यावर फॉर्म पसरले.

बस थांबली. दार उघडून कंडक्टर म्हणाला, "काय हो, चढताय की नाही?"

"थांब रे बाबा दोन मिनिटं," आजी म्हणाल्या. "चार घरं राहिलीत."

कंडक्टरने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. कुणीच येताना दिसत नव्हते. पण आजींचा चेहरा पाहून त्याने घंटीची दोरी सोडली, आतल्या लोकांना जरा सरकून जागा करायला सांगितले, आणि दार उघडेच ठेवले.